मुलीचे व्हिटॅमिन डी १६ आले. ६०,०००च्या पुडीने सारखी होणारी सर्दी थांबेल का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तीन वर्षांची, वजन १३ किलो. जूनपासून प्लेग्रुपला जाते आणि तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी सर्दी, ताप, मग आठवडाभर खोकला. मागच्या दुखण्यात ताप असतानाच रक्त तपासले. व्हिटॅमिन डी १६ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आले, शेजारी लाल अक्षरांत 'कमी'. नात्यातल्या एकांनी ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला एक, अशी आठ आठवडे द्यायला सांगितली आहे. चार पुड्या घरात येऊन पडल्या आहेत.

आधी उत्तर सांगतो, कारणे मागाहून. या पुड्या देऊ नका. १६ ही पातळी थोडी कमी आहे, धोक्याची नाही. तिच्यासाठी रोज ४०० ते ६०० युनिटचे थेंब पुरतात. त्याने हाडांचे भले नक्की होईल. सर्दी-खोकल्यात फरक पडला तर थोडासाच पडेल. प्लेग्रुपच्या पहिल्या वर्षातले दुखणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या गतीनेच कमी होणार आहे.

पुडीचा हिशेब कागदावर मांडून पाहा. ६०,००० गुणिले आठ म्हणजे ४ लाख ८० हजार युनिट. रोजची सरासरी साडेआठ हजारांच्या वर जाते. या वयाला दीर्घकाळ घेण्याची सुरक्षित कमाल मर्यादा रोज २,५०० धरतात. खरोखर कमतरता असलेल्या, म्हणजे पातळी १२ च्या खाली असलेल्या एक वर्षावरच्या मुलाला भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा उपचार रोज ३,००० युनिट, १२ आठवडे असा आहे. त्याची बेरीज होते २ लाख ५२ हजार. म्हणजे मुडदुसाच्या (डीअभावी हाडे मऊ पडण्याच्या आजाराच्या) मुलाला जेवढे लागते त्याच्या जवळपास दुप्पट, तेही कमी दिवसांत, तुमच्या मुलीला सुचवले गेले आहे. उलट रोज ६०० प्रमाणे १२ आठवड्यांत जाते ते सगळे मिळून ५०,४००. तीन महिन्यांत एक पुडीसुद्धा पुरी होत नाही.

आता फुप्फुसांचा आणि या जीवनसत्त्वाचा संबंध कुठून आला ते पाहू. तो काल्पनिक नाही. त्वचेत उन्हाने तयार झालेले किंवा तोंडाने घेतलेले डी आधी यकृतात एक रूप घेते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मोजले जाते ते हेच. पुढे मूत्रपिंडात त्याचे काम करणारे रूप बनते आणि ते कॅल्शियम सांभाळते. पण हा शेवटचा टप्पा संरक्षक पांढऱ्या पेशींमध्ये आणि श्वासनलिकेच्या अस्तरातही होतो. जंतूची चाहूल लागली की या पेशी स्वतःपुरते डी सक्रिय करतात आणि कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन बनवतात. रक्तात कच्चा माल फारच कमी असेल तर हे काम अडते. प्रयोगशाळेत हे २००६ पासून नीट दिसले आहे. दुसरा संबंध अगदी यांत्रिक आहे. मुडदुसात बरगड्या मऊ पडतात आणि स्नायू दुबळे होतात. मूल जोरात खोकू शकत नाही, कफ आतच राहतो आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. इथिओपियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूमोनियाने दाखल झालेल्या ५०० मुलांपैकी २१० जणांना मुडदूस होता. न्यूमोनिया नसलेल्या ५०० मुलांत असे फक्त २० होते.

आपल्याकडचा या विषयातला बराच उद्धृत होणारा अभ्यास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा आहे. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालची १५० मुले घेतली होती: ८० तीव्र श्वसनसंसर्गाची, ७० तशी नसलेली. ज्यांच्या रक्तात डी ९ नॅनोग्रॅमच्या वर होते त्यांच्यात गंभीर संसर्ग खूपच कमी आढळला. पहिले चार महिने निव्वळ अंगावर पाजलेल्या मुलांतही तो कमी होता. हा आकडा लक्षात ठेवा: ९, १६ नाही. शिवाय अशा अभ्यासाची एक मर्यादा असते. आजारी मुलाचे रक्त आजारातच काढले जाते, आणि तापात, सूज असताना ही पातळी आपोआप काही अंशी खाली येते. म्हणजे डी कमी म्हणून आजार, की आजार म्हणून डी कमी, याचा निवाडा अशा अभ्यासातून होत नाही. तुमच्या मुलीचा १६ हाही तापातला आकडा आहे. बरी असताना तपासला असता तर तो थोडा वर आला असता, अशी दाट शक्यता आहे.

निवाडा होतो तो चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून, एकाला औषध आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे बिनऔषधाचे देऊन. अशा चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत आणि त्या एकमेकींशी भांडतात. भांडण कशावरून आहे ते कळले की उत्तर सापडते.

मंगोलियात उलानबाटरच्या २४७ शाळकरी मुलांना हिवाळ्यात काहींना साधे, काहींना रोज ३०० युनिट डी घातलेले दूध दिले. सुरुवातीची मधली पातळी होती ७. तिथल्या हिवाळ्यात अंगावर ऊन लागतच नाही. डीचे दूध पिणाऱ्यांत सर्दी-खोकल्याचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. आता टोरांटो पाहा. एक ते पाच वर्षांची ७०३ मुले. अर्ध्यांना रोज ४००, अर्ध्यांना २,००० युनिट. त्यांची पातळी सुरुवातीलाच ३० च्या बरीच वर होती. हिवाळाभर प्रत्येक मुलामागे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले संसर्ग झाले १.०३ आणि १.०५. पाचपट डोस देऊन फरक शून्य. यातून पहिला धडा मिळतो. रिकाम्या हंड्यात ओतले तर पाणी चढते, भरल्या हंड्यात ओतले तर फक्त जमीन ओली होते.

दुसरा धडा काबूलचा. तिथे कमतरता भरपूर होती, म्हणजे फायदा दिसायलाच हवा होता. १ ते ११ महिन्यांच्या ३,०४६ बाळांना दर तीन महिन्यांनी एकदम एक लाख युनिट पाजले, असे दीड वर्ष. एक्स-रेने पक्का झालेला पहिला न्यूमोनिया दोन्ही गटांत सारखाच राहिला आणि पुन्हा न्यूमोनिया होण्याचे प्रसंग डीच्या गटात चक्क जास्त निघाले. हा अभ्यास २०१२ चा. एकदम मोठा डोस देऊन मोकळे व्हायची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिच्यावर यापेक्षा स्पष्ट शेरा मला माहीत नाही. असे का होते याचा एक पटण्याजोगा खुलासा आहे. एकदम आलेल्या पुराला शरीर घाबरते आणि डी मोडणारी यंत्रणा जोरात सुरू करते. ती पुढे काही आठवडे चालूच राहते. शिवाय पेशींना जे मूळ रूप रोज थोडे थोडे हवे असते, ते रक्तात एक-दोन दिवसच टिकते. पुडी घेतली त्या दिवशी चैन, उरलेले सहा दिवस उपास.

सगळ्या चाचण्या एकत्र करून केलेली मोजणीही हेच बोलते. २०१७ मध्ये २५ चाचण्यांतल्या सुमारे ११ हजार लोकांची माहिती एकेका माणसाच्या पातळीवर जोडली. रोज किंवा दर आठवड्याला लहान डोस घेणाऱ्या आणि सुरुवातीला १० च्या खाली असलेल्या लोकांत संरक्षण ठळक होते. मोठे डोस घेणाऱ्यांत ते नव्हते. २०२१ मध्ये चाचण्या वाढल्या, लोक ४८ हजारांच्या वर गेले आणि एकूण फायदा अगदी पातळ झाला. पण रोज ४०० ते १,००० युनिट घेणाऱ्यांत आणि १ ते १५ वयाच्या मुलांत तो टिकून होता. २०२५ ची ताजी बेरीज ६४ हजार लोकांची आहे. तिच्यात एकूण फायदा इतका किरकोळ उरला की तो नशिबाचा खेळही असू शकतो. म्हणून जाहिरातीत 'इम्युनिटी बूस्टर' दिसले की पान उलटावे.

न्यूमोनिया झाल्यावर औषध म्हणून डी देण्याचे प्रयोग भारतातच झाले आहेत. दिल्लीत एका अभ्यासात तीव्र न्यूमोनियाच्या मुलांना पाच दिवस रोज १,००० किंवा २,००० युनिट दिले. दुसऱ्यात पाच वर्षांखालच्या ३२४ मुलांना एकच एक लाखाचा डोस दिला. बरे व्हायला लागणारा वेळ दोन्हींत कमी झाला नाही. दाखल मुलाच्या केसपेपरवर अँटिबायोटिक आणि ऑक्सिजनच्या रांगेत सवयीने डीची पुडी लिहिली जाते, तिला आधार नाही.

या मुद्द्यावर तज्ज्ञांच्या संस्थांतही एकमत नाही, आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०२१ चे सुधारित मार्गदर्शन म्हणते: पहिले वर्षभर प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट द्या. त्यानंतर रोजची ४०० ते ६०० ची गरज आहार आणि उन्हातून भागवा. न्यूमोनिया, दमा, क्षय यांसाठी सरसकट डी देऊ नका. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीचे (संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेचे) २०२४ चे मार्गदर्शन मात्र १ ते १८ वयाच्या मुलांना तपासणी न करताच डी द्यायला अनुकूल आहे: मुडदूस टाळण्यासाठी, आणि श्वसनसंसर्ग थोडे कमी होण्याची शक्यता आहे म्हणूनही. मी मधला रस्ता धरतो. मूल दिवसभर फ्लॅटमध्ये किंवा पाळणाघरात असेल, अंडी-मासे खात नसेल, तर वर्षानंतरही रोज ४०० ते ६०० चालू ठेवावे. स्वस्त आहे, निर्धोक आहे, हाडांना लागतेच. अंगणात हुंदडणाऱ्या मुलाला त्याची गरज नाही. राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६ ते २०१८) १२ च्या खाली पातळी असलेली मुले १ ते ४ वयात १४ टक्के निघाली, ५ ते ९ वयात १८ आणि किशोरवयात २४ टक्के. म्हणजे बहुतेकांना मोठी कमतरता नाही, पण ज्यांना आहे त्यांची संख्या लहानही नाही.

रिपोर्ट वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, एकक. भारतात बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर छापतात, परदेशात नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला अडीचने गुणले की दुसरे येते. तुमचे १६ म्हणजे तिकडचे ४०. लंडनहून आलेला ४५ चा रिपोर्ट पाहून 'आमच्या नातवाचे भरपूर आहे' म्हणणारे आजोबा आणि इथला १८ पाहून हादरलेली आई हे दोघेही खरे तर एकाच आकड्याकडे पाहत असतात. दुसरे, लाल अक्षरे. अनेक प्रयोगशाळा ३० च्या खालचे सगळे 'कमी' छापतात. तो जुना, मोठ्यांसाठीचा दंडक आहे. मुलांसाठी २० च्या वर पुरेसे, १२ ते २० अपुरे, १२ च्या खाली कमतरता. तिसरे, तपासणीची वेळ, जी वर सांगितली. आणि खरे सांगायचे तर निव्वळ सारखी सर्दी होते म्हणून ही तपासणी करायचीच नसते. खर्च हजाराच्या आसपास जातो आणि उत्तर काहीही आले तरी सल्ला बदलत नाही.

तपासणी करायची ती मुडदुसाची शंका आली तर. मनगटे रुंद, दुहेरी वाटतात. बरगड्यांच्या टोकांशी मण्यांसारखे उंचवटे हाताला लागतात. पाय धनुष्यासारखे वाकतात किंवा गुडघे एकमेकांना लागतात. दीड वर्ष उलटूनही टाळू भरलेली नाही, दात उशिरा आले, मूल उशिरा चालले. अशा वेळी डीसोबत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि मनगटाचा एक्स-रे लागतो. फेफऱ्यावरची फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनसारखी औषधे चालू असलेली, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेली, किंवा आतड्यात शोषण न होणारी मुले यांचीही पातळी पाहावी लागते.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो, कारण ती हुकते आणि महागात पडते. अंगावर पिणारे, कधीही डीचे थेंब न मिळालेले तीन-चार महिन्यांचे बाळ श्वास आत घेताना घोगरा, कोंबड्याच्या आरवण्यासारखा आवाज काढत असेल, तर तो दरवेळी घशाचा संसर्ग नसतो. डी नसल्याने कॅल्शियम उतरते आणि स्वरयंत्र आकडी आल्यासारखे आवळते. अशा बाळाला ताप नसतो, पण हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात. क्वचित हृदयाचा स्नायूच इतका दुबळा होतो की बाळ धापा टाकते आणि न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक सुरू होते. इथे वेळेवर कॅल्शियम तपासणे हेच सगळ्यांत महत्त्वाचे. आईच्या दुधात डी फारच थोडे असते, लिटरला ८० युनिटसुद्धा नाही, आणि आईचीच पातळी कमी असेल तर त्याहून कमी. म्हणून पहिल्या वर्षातले रोजचे ४०० युनिट ऐच्छिक समजू नका. आईचे दूध कमी प्रतीचे आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. डी हे माणसाने उन्हातून मिळवायचे, आणि आपण घरात शिरलो.

थेंब देण्यात होणाऱ्या चुका साध्या असतात. इथे मिळणाऱ्या बाटल्यांपैकी काहींत एका मिलीत ४०० युनिट असतात, काहींत ८००. पहिलीची सवय असलेल्या घरात दुसरी आली की डोस दुप्पट होतो. लेबलवरचा 'प्रत्येक मिलीत' हा आकडा वाचा आणि बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापरा, दुसऱ्या औषधाचा नको. अमेरिकेहून मावशी घेऊन येते त्या काही बाटल्यांत एका थेंबातच ४०० युनिट असतात. ती इथल्या सवयीने एक मिली दिली तर पंचवीस-तीस थेंब जातात, म्हणजे दहा-बारा हजार युनिट. अशाच घोटाळ्यांमुळे तिथल्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये पालकांना जाहीर इशारा दिला होता. मल्टिव्हिटॅमिनचे सिरप, कॅल्शियमचे सिरप आणि डीचे थेंब एकत्र चालू असतील तर तिन्हींतले डी मिळवून पाहा, कारण ते तिन्हींत असते. डी चरबीत विरघळते, म्हणून दूध पाजल्यावर किंवा जेवणानंतर द्यावे. एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. पातळी स्थिरावायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत सर्दी थांबली नाही म्हणून डोस वाढवायचा नाही. आणि औषधाच्या दुकानात 'डी थ्री' मागितल्यावर कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल हातात आले तर परत करा. ती तयार, सक्रिय रूपे आहेत, मूत्रपिंडाच्या आणि काही विशिष्ट आजारांसाठीची. त्यांचा साठा होत नाही आणि कॅल्शियम पटकन चढते.

उन्हाबाबत आपल्या घरांत एक गोड गैरसमज आहे: बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात घ्यायचे. ऊब मिळते, डी जवळजवळ मिळत नाही. डी बनवणारे किरण सूर्य वर आल्यावरच जमिनीपर्यंत पुरेसे पोचतात. घड्याळापेक्षा सावली पाहा: सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ऊन कामाचे. डिसेंबरात पुण्यात ही वेळ साधारण साडेअकरा ते दीड. मे महिन्यात नागपुरात सकाळी नऊच्या सुमारासच सावली आखूड होऊ लागते, म्हणून तिथे भर दुपारी मुलाला बाहेर काढायचे काहीच कारण नाही. हातपाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून तीन-चार दिवस एवढे गहू वर्णाच्या मुलाला बहुधा पुरते. सावळ्या रंगाला जास्त वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या बाबतीत फुकट, कारण काच नेमके तेच किरण अडवते. सहा महिन्यांखालच्या बाळाला कडक उन्हात ठेवू नये. त्याच्यासाठी थेंब आहेत. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेले असते, त्या काळात उन्हावर भिस्त नको. इंग्लंडमध्ये किंवा कॅनडात वाढणाऱ्या आपल्या मुलांना तर ऑक्टोबर ते मार्च उन्हातून काहीच मिळत नाही. ब्रिटनमध्ये १ ते ४ वयाच्या सगळ्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, द्यायला सांगतात.

आहाराचे एका ओळीत सांगायचे तर त्यावर विसंबू नका. अंड्याच्या एका बलकात सुमारे ४० युनिट. 'प्लस एफ' चिन्हाच्या (फोर्टिफाइड, म्हणजे जीवनसत्त्वे मिसळलेल्या) दुधात लिटरला २०० ते ३००, म्हणजे एका पेल्यात ४० ते ६०. फोर्टिफाइड तेलाच्या एका चमच्यात पंचवीसेक. तारली-बांगडा खाणाऱ्या घरांचे बरे चालते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, डी नसते. दोन्ही लागतात, पण एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

आता मूळ तक्रारीकडे, खोकल्याकडे. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षात सहा ते आठ सर्दी होणे हे नेहमीचे आहे. पाळणाघराच्या पहिल्या वर्षी दहा-बाराही होतात. मधल्या काळात मुलगी खेळते, खाते, वजन वाढते आहे, तर तिची प्रतिकारशक्ती ठीक आहे. ती फक्त एकेका विषाणूशी ओळख करून घेते आहे. या काळात ज्यांचा डीपेक्षा कितीतरी मोठा आणि सिद्ध झालेला उपयोग आहे, त्या गोष्टी तपासा. न्यूमोकोकलची लस सरकारी कार्यक्रमात ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी मोफत आहे. पेंटाव्हॅलंटचे तीन डोस आणि गोवर-रुबेलाचे दोन कार्डावर आहेत का पाहा. फ्लूची लस सहा महिने ते पाच वर्षे दरवर्षी घ्यायला बालरोगतज्ज्ञ सुचवतात, आपल्याकडे पावसाळ्याआधी. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती गॅलरीत नेऊन भागत नाही, धूर कपड्यांवर परत येतो. डासांची कॉइल, उदबत्ती आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेक-शेगडीची धुरी हे तिन्ही श्वासनलिकेला सुजवतात. बाळाला न्हाऊ घालताना नाकात तेल सोडण्याची पद्धत तर आजच बंद करा. ते तेल थेट फुप्फुसात उतरते आणि त्याचा न्यूमोनिया अँटिबायोटिकला दाद देत नाही.

रात्रीच खोकला, धावल्यावर खोकला, छातीत शिट्टी, घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा इतिहास: असे असेल तर दम्याच्या दिशेने तपासा. तिथेही डी उपयोगी पडते अशी आशा होती. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात ती टिकली नाही. न्यूमोनिया एकाच जागी पुन्हापुन्हा होत असेल, वजन अडले असेल, किंवा कान-त्वचा-फुप्फुस असे सगळीकडे संसर्ग होत असतील, तर वेगळा तपास लागतो.

दरम्यान, खोकला असलेल्या मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना किंवा झोपेत पोटावरचे कापड वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे आणि त्याच दिवशी डॉक्टर. श्वासागणिक छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पिणे सोडत असेल, सुस्त पडले असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थांबू नका, रुग्णालय गाठा.

राहिल्या त्या चार पुड्या. मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, किंवा दुकानदार घेत असेल तर परत करा. पुडी फोडून, चिमूट चिमूट करून रोज द्यायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. एक ग्रॅम भुकटीत ६०,००० युनिट असतात, म्हणजे ६०० युनिटसाठी तिचा शंभरावा भाग लागेल. तो घरात मोजता येत नाही. समजा एखादी पुडी देऊन झालीच असेल, तर घाबरू नका, एकाने विषबाधा होत नाही. पुढची देऊ नका, आणि थेंब महिनाभराने सुरू करा. मात्र तीन-चार किंवा जास्त गेल्या असतील आणि मुलीला उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान, वरचेवर लघवी, भूक मेलेली, मरगळ यांतले काही दिसत असेल, तर डीचे आणि कॅल्शियमचे सगळे औषध थांबवून त्याच दिवशी रक्तातले कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि लघवीतले कॅल्शियम तपासायला सांगा. रिकाम्या पुड्या आणि बाटल्या सोबत न्या. किती दिले गेले याचा हिशेब डॉक्टर त्यावरूनच मांडू शकतात.